आईस्ड टी घरी केला तर गढूळ आणि तुरट होतोय, काय चुकतंय?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे सांभाळून घ्या.

पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, साधारण तीस बायका येतील. पन्हं आणि वाटली डाळ असणारच, त्याला मी हात लावत नाही. पण दरवर्षी बघते, कॉलेजातल्या पोरी आणि माझ्या ऑफिसमधल्या दोघीतिघी पन्ह्याचा पेला हातात धरून नुसत्या उभ्या असतात, म्हणून म्हटलं यंदा बाजूला आईस्ड टी पण ठेवूया. बाहेर कॅफेत दीडशे रुपये मोजून पितो तो घरात न जमायला काय झालं, चहाच तर आहे. असं वाटलं खरं.

पहिल्यांदा रात्री नेहमीसारखा चहा टाकला, दूध न घालता. चार कप पाणी चार चमचे पावडर, साखर, चांगला सातआठ मिनिटं खळखळवला, गाळून बाटलीत भरला आणि फ्रिजमध्ये. सकाळी बघते तर पावसाळ्यातली मलप्रभा, खानापूरच्या पुलावरून दिसते ना अगदी तशी. दुधाचा थेंब नाही आणि तरी दुधाळ! लिंबू पिळलं तर रंग एकदम फिका पडला आणि घोट घेतला तर तोंड आवळून आलं, कच्ची सुपारी खाल्ल्यासारखं.

दुसऱ्यांदा एका व्हिडिओत बघून गरम चहा थेट बर्फावर ओतला. ग्लास तडकला. लग्नातला सेट होता, सहाचे पाच झाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. सासरे म्हणाले चहा गार झाला की आपण परत गरम करतो, ही मुद्दाम गार करते. शेजारच्या अक्कांना चव बघायला दिला तर त्या कन्नडमधून म्हणाल्या, "इदु आरिद चहा अल्लेन्रि?" म्हणजे हा गार झालेला चहाच नव्हे का. आता यावर काय बोलणार.

तर गढूळ का होतो, पावडर कुठली घ्यायची, साखर तळाला बसते तिचं काय करायचं, आणि किती तास आधी करून ठेवला तर चालतो? आणि तुम्ही स्वतः कसा पिता तेही सांगा, म्हणजे मला अंदाज येईल.

टिळकवाडी_दुसरं_गेट

वैनी दुपारी तीनला पंख्याखाली घाम पुसत बसूलालो आणि तुम्ही आईस्ड टी आईस्ड टी करता, जीव कासावीस होतो की ओ. मला करता येत नाही. प्यायला बोलवा, गढूळ असला तरी चालतोय.

कॉलेजरोडची_टपरी

वैनी तुमचं चुकलं ते एकच, तुम्ही उकळला. आपल्याला सवयच ती, पातेल्यात पावडर टाकली की रंग येईस्तोवर उकळायचं, दोनदा उतू जाऊ द्यायचं, तेव्हा कुठे चहा झाल्यासारखा वाटतो. दुधात ते खपून जातं कारण दूध तुरटपणा ओढून घेतं. कोऱ्या चहात लपायला जागाच नाही, वरून गार केला की तुरटपणा दुप्पट जाणवतो.

मी सहा वर्षं टपरी चालवतोय, मार्च ते मे रोज आईस्ड टी असतो, तर माझी पद्धत सांगतो. पाणी चांगलं उकळू द्यायचं आणि गॅस बंद. बंद म्हणजे बंद, बारीक नाही. मग पावडर टाकायची, झाकण ठेवायचं, मोबाईलवर टायमर लावायचा. आपली नेहमीची दाणेदार पावडर असेल तर तीन मिनिटं, पानाचा चहा असेल तर चार ते पाच. टायमर वाजला की लगेच गाळायचा, भाजी फोडणीला टाकून येते आणि मग गाळते असं नाही चालत. आणि गाळणीत चमच्याने दाबून शेवटचा थेंब काढायची आपली जी खोड आहे ना ती सोडायची, सगळा कडूपणा त्या शेवटच्या थेंबातच असतो.

प्रमाण म्हणाल तर गरम चहाच्या दुप्पट कडक करायचा कारण पुढे बर्फ विरघळून पाणी होणार. मी अर्धा लिटर पाण्याला दहा ग्रॅम पावडर घेतो, म्हणजे सपाट पाच चमचे, आणि त्यात नंतर गार पाणी आणि बर्फ मिळून साधारण तेवढाच भाग.

गाळल्यावर पातेलं लगेच फ्रिजमध्ये ढकलू नका. परातीत पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, वीस मिनिटात कोमट होतं, मग बाहेरच गार होऊ द्या. फ्रिजमध्ये ठेवला की गढुळतो, बाहेरच्या हवेवर तेवढा गढूळत नाही, ग्लासात बर्फ घातला की प्यायला गार होतोच. सकाळी करून संध्याकाळी द्यायचा असेल तर काही अडचण नाही. दुसऱ्या दिवसावर मात्र टाकू नका, बाहेर ठेवलेला तर नाहीच.

साखर गार चहात कधीच नीट विरघळत नाही, कितीही ढवळा. पाक करून ठेवायचा, एक वाटी साखर एक वाटी पाणी, विरघळली की उतरवायचा, तार बीर काही बघायची नाही. बाटलीत भरून ठेवा, ज्याला जसा पाहिजे तसा तो घालून घेईल.

आता लोक कसे पितात. पोरं गोड पितात, एवढं गोड की मलाच भीती वाटते. लेक्चरर लोक पाक अर्धा आणि लिंबू जास्त मागतात. एक गृहस्थ रोज येतात, त्यांना काळं मीठ आणि जिऱ्याची पूड पाहिजे, मी म्हटलं काका मग सोडाच घ्या, तर नाही, चहाच पाहिजे. पुदिना घालायचा तर पानं तळहातावर ठेवून एकदा टाळी वाजवल्यासारखं करायचं आणि टाकायचं, मिक्सरला लावला तर गवत प्यायल्यासारखं लागतं. आलं घालणार असाल तर ठेचून पाण्यातच उकळा, आल्याला उकळी लागते, चहाला लागत नाही.

बर्फ घरचाच करा. लादीचा बर्फ आणणार असाल तर खायचाच आहे ना विचारून घ्या. निळसर दिसला तर हातच लावू नका, जो खायचा नसतो त्याला ओळखायला निळा रंग घालतात.

गच्चीवरची_वाळवणं

एवढा गॅस जाळायचा कशाला? आम्ही काचेच्या बरणीत पाणी आणि चहाची पानं घालून गच्चीवर ठेवतो, पापड सांडग्यांच्या शेजारी. चार तासात मस्त रंग येतो, तुरट तर अजिबात नाही. एप्रिलचं ऊन फुकट मिळतंय की.

चिकोडीचे_मास्तर

गच्चीवरच्या ताई, राग मानू नका पण हे करू नका. उन्हात बरणीतलं पाणी तापतं ते पन्नास पंचावन्न अंशांपर्यंत फार तर. त्याने जंतू मरत नाहीत, उलट पाणी कोमट असताना वाढायला त्यांना बरा अवसर मिळतो. पापडात पाणी उरत नाही म्हणून पापड टिकतो, बरणीत सगळं पाणीच आहे. अमेरिकेत ही पद्धत फार चालायची, तिथेही आता नको म्हणून सांगतात.

शहापूरच्या सूनबाईंसाठी थोडं रसायनशास्त्र सांगतो, शाळेत एकतीस वर्षं तेच केलं. चहातली कॅफीन आणि टॅनिनच्या जातीची द्रव्यं गरम पाण्यात सुटी फिरत असतात. पाणी गार झालं की ती एकमेकांना धरतात आणि न विरघळणारे बारीक कण तयार होतात. उजेड त्या कणांवर आपटून विखुरतो आणि आपल्याला चहा दुधाळ दिसतो. चहाच्या धंद्यातले लोक त्याला क्रीम होणं म्हणतात. खराब झालेला नसतो, पिता येतो. त्यात थोडं कडकडीत पाणी घालून बघा, डोळ्यांसमोर नितळ होईल. पोरांना हा प्रयोग मी वर्गात दाखवायचो आणि मग तो चहा स्टाफरूममध्ये जायचा.

जितका जास्त उकळाल तितकी ही द्रव्यं जास्त उतरतात, म्हणून टपरीवाल्यांनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे. पावडरीचाही संबंध आहे. आपली रोजची दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी, पान चिरडून, फाडून, वळून केलेले दाणे. हे यंत्र आसामात १९३० च्या दशकात निघालं. दाणा बारीक म्हणून पाणी चटकन आत शिरतं आणि मिनिटात रंग सुटतो, दुधाच्या चहाला त्यासारखं काही नाही. पण आसामचा कडक सीटीसी गार केल्यावर गढुळतोही लवकर. निलगिरीचा पानाचा चहा, उटी कुन्नूर भागातला, त्या मानाने नितळ राहतो, म्हणून आईस्ड टीला तोच नावाजतात. कोणी उटीला जाऊन आलं असेल तर घरात डबा पडलेला असेल बघा, आपल्याकडे तो बहुतेक तसाच पडून असतो कारण दुधात घालून कोणाला आवडत नाही.

लिंबू पिळल्यावर रंग उतरला म्हणून घाबरू नका. चहाचा तांबडा रंग आंबटात फिका पडतो, लिटमससारखंच. उलट तेच निदान आहे की लिंबू पुरेसं पडलं.

पाणी बघा. बेळगावात राकसकोपचं नळाचं पाणी येत असेल तर ठीक, बोअरचं असेल तर जड असतं, त्यात चहा काळपट होतो आणि वर तवंग धरतो. आमच्या चिकोडीकडे बोअरच्या पाण्यात केलेल्या चहाचा तवंग चमच्याने उचलता येतो. हळदीकुंकवाला फिल्टरचं पाणी घ्या.

आणि ग्लास का तडकला तेही सांगून टाकतो, आतली काच एका बाजूला बर्फाने आकसलेली, दुसरीकडे चहाने प्रसरण पावूलालेली, बिचारी मधल्यामध्ये फाटते. स्टीलच्या तांब्यात ओता. ऐंशी अंशांचा शंभर मिली चहा शून्यावर आणायला बरोबर शंभर ग्रॅम बर्फ विरघळावा लागतो, तोच चहा तीस अंशांवर आणून मग बर्फ घातला तर चाळीस ग्रॅमच्या आत भागतं. तीस बायकांना हा हिशेब लावा, फ्रिजरवर किती ताण वाचतो बघा.

टिळकवाडी_दुसरं_गेट

मास्तर शाळेत असं शिकवला असता तर मी सायन्सला गेलो असतो की.

मूळ_बेळगावचा_आता_पुण्यात

सगळे गॅसवरच का अडकलेत? गार पाण्यातच भिजवा ना. मी एक लिटर फिल्टरच्या पाण्यात दहा बारा ग्रॅम पानाचा चहा टाकतो, बाटली रात्री दहाला फ्रिजमध्ये, सकाळी सात आठला गाळायचा. झालं. गार पाण्यात कडू तुरट द्रव्यं कमी उतरतात, कॅफीनही कमी, त्यामुळे गढूळ जवळजवळ होतच नाही. इतका सौम्य लागतो की साखरेशिवाय जातो. मला इथे पुण्यात ऑफिसात सगळे विचारतात कुठला ब्रँड, मी म्हणतो नळ आणि फ्रिज.

फक्त दाणेदार पावडर यात वापरू नका, बारीक चुरा गाळणीतून खाली येतो आणि शेवटच्या घोटाला दाताखाली लागतो. पाणी उकळलेलं नसतं म्हणून फ्रिजच्या बाहेर ठेवायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

आणि हो, कोणी पाकीटवाली आईस्ड टी पावडर सुचवेल त्याआधी सांगतो, पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा, पहिलं नाव बहुतेक साखरेचं असतं. घटक वजनाने जास्त ते आधी लिहितात, म्हणजे तुम्ही चहाच्या भावाने साखर घेताय.

कॉलेजरोडची_टपरी

दादा तुमची पद्धत चांगली आहे पण तीस जणींना पाच लिटर चहा फ्रिजमध्ये ठेवायचा तर डाळ, पन्हं, ओटीचे हरभरे सगळं कुठे ठेवणार वैनी? पुण्यात एकटे राहता वाटतं.

मूळ_बेळगावचा_आता_पुण्यात

होय 😄 एकटाच.

निपाणीकर_काकू

अगं सूनबाई साखरेचा पाक कशाला करत बसलीस, काकवी घाल की. पातळच असते, गार पाण्यात ढवळलं की मिसळते, तळाला बसायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे गुऱ्हाळं चालू असताना बाटल्या भरून ठेवतो. ग्लासाला एक मोठा चमचा काकवी, अर्धं लिंबू, चिमूटभर सुंठ. गुळाच्या चहात दूध फाटतं म्हणून लोक घाबरतात, इथे दूधच नाही तर फाटणार काय. माझे मिस्टर शेतावरून आले की दोन ग्लास पितात, आधी म्हणायचे हे काय कडबोळं केलंस, आता तांब्या घेऊन उभे असतात.

एवढंच की रंग काळपट होतो, नितळ बितळ काही दिसणार नाही. कॉलेजच्या पोरींना फोटो काढायचा असेल तर साखरच घाल.

शहापूरची_सून

काकू काकवीची चव चहाच्या वर नाही का जात?

निपाणीकर_काकू

जाते की. म्हणूनच तर घालायची.

जांबोटीकर

मी थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे परसात गवती चहाचा झुडपा आहे, उन्हाळ्यात पाणी घातलं की परत फुटतो. चार पाती गाठ मारून पाण्यात पाच मिनिटं उकळायची, गॅस बंद केल्यावर अगदी थोडी पावडर टाकायची, एक लिटरला दोन चमचे बस, दोन मिनिटात गाळायचं. गार झाल्यावर लिंबाच्या ऐवजी कोकमाचं आगळ. काय रंग येतो सांगू, काचेच्या ग्लासात धरला तर डाळिंबाच्या दाण्यासारखा. आंबटपणा लिंबापेक्षा गोलसर लागतो, टोचत नाही.

एक सावधगिरी, आगळात मीठ असतं, ग्लासाला अर्धा चमचा घालून चव बघा मग वाढवा. माझ्या बहिणीने एकदा लिंबाच्या मापाने घातलं होतं, सगळ्यांनी घोट घेतला आणि एकमेकांची तोंडं बघत बसले, पाहुणे असल्यामुळे कोणी बोलेना, शेवटी तिच्याच मुलाने विचारलं आई हे समुद्राचं पाणी आहे का. सुकी आमसुलं भिजवून घातलीत तर तो त्रास कमी.

खानापूरच्या बाजारात नाही मिळालं तर चोर्ला घाटाने जाऊन येऊन असणारं कोणीतरी ओळखीचं असेलच, गोव्याकडून बाटली मागवा.

मूळ_बेळगावचा_आता_पुण्यात

हे सरबत झालं, आईस्ड टी नव्हे.

जांबोटीकर

दोन चमचे पावडर आहे ना त्यात. आणि नाव काय द्यायचं ते पिऊन झाल्यावर ठरवू.

चिकोडीचे_मास्तर

नावावरून आठवलं. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे भारतातल्या चहाचा प्रचार करायला आलेले एक साहेब गरम चहा वाटत होते, उकाडा एवढा की कोणी घेईना, मग त्यांनी बर्फ घातला आणि रांग लागली, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट छान आहे, पण बर्फाच्या चहाची कृती त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८७९ साली, तिकडच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात छापलेली आहे. त्या प्रदर्शनाने नाव झालं इतकं खरं. माल मात्र आपल्याकडचा होता, म्हणून सासऱ्यांना सांगा की हे काही परकं खूळ नाही, आपलाच चहा तिकडे जाऊन गार होऊन आला.

अनगोळची_चहाबाज

दूध घातलेला आईस्ड टी कोणीच पीत नाही का इथे?? मी पिते. आलं वेलची घालून नेहमीचा दुधाचा चहा जरा कडक आणि जरा गोड करायचा, गाळून पूर्ण गार, मग फ्रिज, मग ग्लासात दोनच खडे बर्फ. साय धरते ती गाळून टाकायची. लिंबू चुकूनही नाही, पनीर होईल. मला तरी कोल्ड कॉफीपेक्षा हाच आवडतो. घरात कोणी शिवत नाही त्यामुळे पूर्ण जग माझा.

रविवारपेठ_९१

लिंबांचं काय करणार वैनी? एप्रिलात लिंबू सोन्याच्या भावाने असतं, इंडीकडची चांगली रसाची लिंबं आली तर जरा बरी पडतात. घेताना पातळ सालीचं आणि हाताला जड लागणारं बघून घ्या, हिरवं टणक घेऊ नका. पिळण्याआधी ओट्यावर तळहाताखाली रगडा, रस जास्त सुटतो. आणि सालीसकट चकत्या चहात तासन्तास टाकून ठेवू नका, कडवट होतो, चकत्या फक्त देताना वर.

शहापूरची_सून

बाप रे, एवढी उत्तरं! सगळ्यांना धन्यवाद. रविवार सोमवार दोन दिवस प्रयोगच केले, घरात सगळे चहाला घाबरायला लागलेत.

न उकळता, टायमर लावून तीन मिनिटं केला. फरक एवढा की मला आधी वाटलं मी पावडर कमी घातली. तुरटपणा नाहीच. बाहेर गार केला तर नितळ राहिला, मुद्दाम एक पेला फ्रिजमध्ये ठेवून बघितला तर तो थोडा गढुळला, मास्तर म्हणाले तसं त्यात दोन चमचे उकळतं पाणी घातलं आणि खरंच साफ झाला, मुलाने तीनदा करायला लावलं. पानाचा चहा नणंदेकडे निघाला, उटीचाच, तीन वर्षांपूर्वीचा, वास उडालेला होता पण रंग सुरेख आला. काकवीचा एक ग्लास सासऱ्यांना दिला, त्यांनी पूर्ण प्यायला आणि म्हणाले आता चहा दे. आगळ अजून मिळालं नाही.

मला टपरीवाल्या दादांची पद्धत झेपेल असं वाटतंय, लिंबू आणि पुदिना घालून. आता फक्त तीस जणींचं प्रमाण सांगा ना कोणीतरी. आणि पन्हं पिणाऱ्या बायका हा पण घेतील का, का दोन्हीचं अर्धं अर्धं धरू?

कॉलेजरोडची_टपरी

हळदीकुंकवाचा पेला लहान असतो वैनी, दीडशे मिलीच्या आसपास. तीसच्या तीस जणी घेतील असं धरून सांगतो, मग कमी करायचं ते तुम्ही करा.

दोन लिटर पाणी उकळून गॅस बंद, त्यात पन्नास ग्रॅम पावडर. एवढी पावडर पटकन गाळताना तारांबळ होते म्हणून मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधून सोडा, सैल बांधा, पावडर फुगते. तीन मिनिटांनी पुरचुंडी उचला, पिळू नका, नुसती निथळू द्या. त्यात दीड लिटर गार फिल्टरचं पाणी. साडेतीनशे ग्रॅम साखर साडेतीनशे मिली पाण्यात विरघळवून तो पाक. दहा रसरशीत लिंबं, रस दीडशे मिली तरी निघाला पाहिजे. सगळं मिळून चार लिटरच्या थोडं वर होतं. आधी तीन भाग पाक घाला, चव बघा, मग उरलेला, कारण बर्फ विरघळून परत थोडा फिका होणार.

लिंबू देण्याच्या तासभर आधीच घाला, सकाळी नको. पुदिना अगदी शेवटी.

बर्फ दोन किलो तरी लागेल. आजपासून रोज ट्रे काढून पिशवीत साठवत जा, शुक्रवारी सकाळी सुरू कराल तर काही होत नाही, वर लाईट गेली तर संपलंच. आणि एक ट्रे चहाचाच गोठवा, तो जगमध्ये टाका, विरघळला तरी चहा पातळ होत नाही. ते ग्लासात नाही, जगमध्येच, नाहीतर बायका विचारतील बर्फ असा मळकट का.

पन्ह्याचं विचाराल तर पन्हं कमी करू नका. ते हळदीकुंकवाचंच आहे, लोक मागून घेतात.

चिकोडीचे_मास्तर

एक भर घालतो. चहाने अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो, जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर बरं. हळदीकुंकू संध्याकाळी आहे तेव्हा चिंता नाही, पण कोणी गरोदर बाई असेल किंवा कोणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर तिला पन्हंच पुढे करा.

शहापूरची_सून

झालं एकदाचं हळदीकुंकू. लगेच लिहायचं होतं पण काल रात्री भांडी आणि गौरीची आरास आवरता आवरता बारा वाजले.

प्रमाण तंतोतंत बरोबर निघालं, चव सगळ्यांना आवडली, ऑफिसमधल्या दोघींनी दोन दोन पेले घेतले आणि शेजारच्या अक्कांनी कृती विचारली, त्यांना मी म्हटलं आरिद चहाची कृती काय विचारता. पण साडेपाचला आभाळ भरून आलं आणि वळीव असा कोसळला की अर्ध्या बायका ओल्या होऊन आल्या, लाईट गेली, हवा एकदम गार. आल्या आल्या सगळ्या म्हणतात वैनी जरा गरम चहा टाका की! आईस्ड टीचा जग टेबलावर, शेजारी दोन किलो बर्फ, आणि मी आत मेणबत्तीच्या उजेडात वीस कप आल्याचा चहा उकळतेय, चांगला खळखळवून. सासरे पडवीत खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी एक कप घेतला आणि पावसाकडे बघत राहिले, बोलले काही नाहीत पण मला कळलं.

पन्हं संपलं. आईस्ड टी साधारण दीड लिटर उरलाय, लिंबू घातलेला, लाईट रात्री साडेनऊला आल्यावर फ्रिजमध्ये ठेवलाय. पुदिना काढून टाकला. आज पिता येईल ना, का टाकून देऊ?

कॉलेजरोडची_टपरी

किती वाजता केला होतात आणि लाईट किती वेळ नव्हती? जगमध्ये बर्फ होता का?

शहापूरची_सून

दुपारी एकला केला, लिंबू चारला. जगमध्ये चहाचा बर्फ होता, साडेनऊला पण थोडे खडे शिल्लक होते.

कॉलेजरोडची_टपरी

मग गारच होता, चालेल. वास घेऊन बघा, आंबूस किंवा तारी सुटल्यासारखा वाटला तर सरळ ओतून द्या, नसेल तर आजच्या आज संपवा. उद्यावर नको. संपणार नसेल तर ट्रेमध्ये गोठवा, पुढच्या वेळी लिंबू सरबतात टाका.

टिळकवाडी_दुसरं_गेट

गोठवू नका ओ वैनी. बाटली घेऊन मी शहापूरला येऊलालो, दहा मिनिटं.